कोंडाण्याची चार शब्दांची ओळ आणि माझं कापलेलं पान

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर एक प्रश्न तुम्हाला कधी ना कधी विचारला जाणार आहे: "हे तू स्वतः पाहिलंस का?"

मला तो गेल्या हिवाळ्यात विचारला गेला. माझा विषय रसायनशास्त्र. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी एका जुन्या प्रयोगाचा उल्लेख केला होता. तो मी मूळ शोधनिबंधातून घेतला नव्हता. तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या आढाव्यातून उचलला होता. सरांनी त्या वाक्यावर पेन्सिलीने एक गोल केला आणि वरचा प्रश्न विचारला. मी गप्प. ते एवढंच म्हणाले, "मग हे तुझं वाक्य नाही."

त्याच सुमारास मी हौसेने आणखी एक काम करत होते: कोंडाण्याच्या लेण्यांवर एक लेख. आठ पानं लिहून झाली होती आणि लेणं मात्र पाहिलं नव्हतं! सरांचा प्रश्न डोक्यात घुमत होता, म्हणून त्या शनिवारी कर्जत लोकल पकडली. आज तुम्हाला सांगणार आहे, की त्या आठ पानांतलं एक अख्खं पान मी परत आल्यावर का कापलं. विषय इतिहासाचा आहे, पण तुमचा विषय कुठलाही असला तरी पद्धत तीच लागू पडते.

आधी नाव नीट करून घ्या

'कोंडाणे' शोधायला बसलात की तीन वेगळ्या जागा एकमेकींत मिसळून समोर येतात. पहिली, पुण्याजवळचा कोंढाणा, म्हणजे सिंहगड. १६७० साली तानाजी मालुसरे जिथे पडले तो किल्ला. दुसरी, मुंबईत अंधेरीला असलेली कोंडिविटे लेणी, जिला आपण महाकाली लेणी म्हणतो. आणि तिसरी आपली, रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातली, राजमाची किल्ल्याच्या कुशीत. तिथे जाण्यासाठी ज्या गावातून वाट निघते त्याचं नाव कोंडिवडे. आता कोंडिवडे आणि कोंडिविटे यांचा गोंधळ होणार नाही तर काय?

माझ्या टिपणांतला एक फोटो महिनाभर 'कोंडाणे' या नावाने पडून होता. तो अंधेरीचा निघाला. हसू नका, तुमच्याही फोल्डरमध्ये असं काहीतरी असेल. रसायनाच्या बाटलीवरचं लेबल चुकलं तर पुढचा सगळा प्रयोग चुकतो. इतिहासात स्थळाचं नाव हे ते लेबल. म्हणून पहिला नियम: नोंदवहीत नुसतं नाव लिहू नका. गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची नदी किंवा डोंगर लिहा. कोंडाणे: कोंडिवड्याजवळ, कर्जत, रायगड, उल्हास नदीचं खोरं, वर राजमाची. आता चुकायला जागा नाही.

जुनी पुस्तकं चाळताना आणखी एक गंमत लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत हे लेणं ठाणे जिल्ह्यात सापडतं, कारण तेव्हा कर्जत ठाण्यात होतं. जिल्ह्यांच्या सीमा बदलतात, डोंगर बदलत नाही. 'रायगड' किंवा 'कुलाबा' शोधून काही मिळालं नाही म्हणून नोंदच नाही असा निष्कर्ष काढाल, तर फसाल.

चालत जाण्याचा फायदा

कर्जत स्टेशनबाहेर वडापाव खाऊन शेअर रिक्षाने कोंडिवडे गाठलं. तिथून पुढे पायवाट. आधी शेताचे बांध, मग हळूहळू झाडी दाट होत जाते आणि चढ सुरू होतो. माझ्या वेगाने दीड तास लागला. वाटेत लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या एका आजींना विचारलं, "आजी, लेणी अजून किती लांब?" त्या म्हणाल्या, "पोरी, पावसात आली असतीस तर विचारावं नसतं लागलं. पाणी पडतं त्याचा आवाज खालपर्यंत येतो."

हे वाक्य मी लगेच लिहून घेतलं, कारण त्यात माहिती आहे. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. चैत्यगृहाच्या आतल्या खांबांची अवस्था पाहिल्यावर या पाण्याचं महत्त्व कळतं.

चालताना दुसरी गोष्ट कळते ती जागेची. उल्हास नदी राजमाचीच्याच डोंगरांत उगम पावते आणि खाली कल्याणजवळून खाडीला मिळते. म्हणजे कल्याणच्या बाजूने नदी धरून वर वर येत राहिलं की माणूस याच खोऱ्याच्या टोकाशी पोचतो. घाट चढून गेलं की पलीकडे कार्ले, भाजे, बेडसे. नकाशावर हे सुटे ठिपके वाटतात, पायांना ती एक रेघ वाटते.

इथेच मी पहिली चूक केली होती. लेखात ठोकून दिलं होतं, की कल्याण बंदरातल्या व्यापाऱ्यांच्या पैशातून हे लेणं कोरलं गेलं. पुरावा काय दिला? 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातला कल्याणचा उल्लेख. तो ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. कोंडाणे मात्र इसवी सनाच्या आधीचं मानलं जातं. नंतरच्या काळातला पुरावा मी आधीच्या काळाला चिकटवला होता. व्यापारी मार्ग तेव्हाही असेल, असण्याची शक्यता चांगली आहे. पण 'असेल' आणि 'होता' यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच अंतर हौस आणि संशोधन यांत आहे. त्या वाक्याचं मी 'शक्यता' केलं आणि पुढे गेले.

डोळ्यांनी काय दिसतं

आमच्या प्रयोगशाळेच्या वहीत पानाचे दोन भाग करायची सवय असते. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्यावरून जे वाटलं ते. कोंडाण्याला मी तीच वही नेली होती. तुम्हीही करून बघा, कारण लेण्यात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं माणूस फक्त 'वा!' म्हणतो, आणि 'वा' ही नोंद होत नाही.

डावीकडच्या माझ्या नोंदी अशा. बेसॉल्टचा उभा कडा. त्यात मोठं चैत्यगृह आणि शेजारी विहार, म्हणजे भिक्खूंचं निवासस्थान. चैत्यगृहाला घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान. दर्शनी भागावर वर छोट्या छोट्या कमानी, वेदिकेची नक्षी आणि मधल्या चौकटींत नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या. काही पुरुषांच्या हातात धनुष्य. आत मागच्या अर्धवर्तुळात स्तूप. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, पण बऱ्याच खांबांचा खालचा भाग झिजून नाहीसा झालेला. वरचे तुकडे छताला लटकल्यासारखे दिसतात.

हे लटकलेले खांब नीट बघा. बांधलेल्या इमारतीत खांबाचा खालचा भाग गेला तर छत खाली येईल. इथे आलं नाही. का? कारण हा खांब छताला आधार देत नव्हताच. खांब, भिंत आणि छत सगळा एकच दगड आहे, आत पोकळी कोरत नेलेला. लेणं ही वास्तू बांधलेली नसून उरलेली असते, हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. पटलं मात्र त्या अधांतरी खांबाखाली उभी राहिल्यावर.

आता उजवीकडची बाजू. ज्याला आधार द्यायचाच नाही तो खांब कोरला कशासाठी? विहारात हाच प्रश्न जास्त ठळक होतो. त्याच्या छताला दगडी तुळया आहेत आणि त्यांच्यामध्ये बारीक दगडी वासे. तीन बाजूंना खोल्या, प्रत्येक बाजूला सहा, मिळून अठरा. आत झोपायला दगडी ओटे. दगडाला तुळयांची काहीच गरज नाही. गरज लाकडी घराला असते. म्हणजे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी घर होतं आणि त्यांनी ते दगडात जसंच्या तसं उतरवलं. त्या काळातली लाकडी घरं आज उरलेली नाहीत. त्यांच्या बांधणीचा सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे असं लेणं.

चैत्यगृहात तर खरं लाकूडही होतं. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचं भारतातल्या लेण्यांवरचं मोठं पुस्तक १८८० साली आलं. त्यात कोंडाण्याच्या कमानीत लाकडी जाळीचा एक भाग तेव्हा शिल्लक असल्याची नोंद आहे. चैत्यगृहाची मापंही दिली आहेत: लांबी सुमारे साडेसहासष्ट फूट, रुंदी २६ फूट ८ इंच, कमानीच्या माथ्यापर्यंत उंची २८ फूट ५ इंच. ती मापं वाचल्यावर मी आत पावलं मोजत चालले. सत्तावीस भरली. माझं पाऊल अडीच फुटांच्या आतबाहेर, म्हणजे आकडा जुळतो. तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वी टेप लावून मोजलेली लांबी परत पावलांनी कशाला मोजायची? कारण पुस्तकातलं एक वाक्य त्या दिवशी माझंही झालं. आणि दुसरं असं, की १८८०चा लाकडी जाळीचा तुकडा आज नजरेला पडत नाही. म्हणजे ते पुस्तक आता नुसतं 'लेण्याबद्दलचं' पुस्तक राहिलेलं नाही. जे गेलं त्याचा तो पुरावा झाला आहे. तुमची आजची नोंद पन्नास वर्षांनी कुणासाठी तरी असाच पुरावा होईल. म्हणून ती नीट करा, तारीख घालून करा.

चार शब्द

आता कापलेल्या पानाकडे येते.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एका मोठ्या मूर्तीचा अवशेष आहे. माणसाच्या डोक्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मोठं डोकं. चेहरा गेला आहे, पण डोक्यावरचं पागोट्यासारखं शिरोभूषण इतकं बारीक कोरलेलं आहे, की कापडाच्या पट्ट्या मोजता याव्यात. या मूर्तीला बहुतेक जण यक्ष म्हणतात. तिच्या खांद्याच्या वर ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. भाषा प्राकृत:

कन्हस अंतेवासिना बलकेन कतं

प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द ठेवा. कन्हस, कन्हाच्या. अंतेवासिना, अंतेवासीने. बलकेन, बलकाने. कतं, केलं. "कन्हाच्या अंतेवासी बलकाने केलं." दोन हजार वर्षांचं अंतर, पण शब्दांचा क्रमसुद्धा बदलावा लागत नाही! कन्ह म्हणजे कृष्ण. आपल्याकडे तो आजही कान्हा आणि कान्होबा म्हणून घरात आहे.

या चार शब्दांवर मी एक पूर्ण पान लिहिलं होतं. थोडक्यात असं: 'बलक हा थोर शिल्पकार होता. ही त्याची सही. त्याचा गुरू कन्ह म्हणजे पितळखोऱ्याचा प्रसिद्ध कलाकार कन्हदास. म्हणजे मराठवाड्यापासून कोकणापर्यंत एकच कलापरंपरा पसरली होती.' वाचायला किती छान! माझ्या मित्रमैत्रिणींनाही तेच पान सगळ्यात आवडलं होतं.

पितळखोऱ्याचा पुरावा खरा आहे. तिथल्या मलब्यात सापडलेल्या यक्षाच्या हातावर लेख आहे, की ही मूर्ती कन्हदास नावाच्या सोनाराने केली. पण 'कन्ह' आणि 'कन्हदास' ही नावं सारखी आहेत, एवढ्यावर माणूस एक ठरत नाही. कन्ह हे त्या काळी दुर्मिळ नाव नव्हतं. नाशिकच्या एकोणिसाव्या लेण्यातल्या लेखात सातवाहन कुळातल्या कन्ह राजाचं नाव आहे. मग बलकाचा गुरू राजा म्हणायचा का? आज कर्जत स्टेशनवर 'ए किरण' अशी हाक मारून बघा, किती माना वळतात.

दुसरा शब्द अंतेवासी. शब्दशः अर्थ 'जवळ राहणारा'. बौद्ध संघात थेरांजवळ राहून शिकणारा भिक्खूही अंतेवासी. आणि नारदस्मृतीत कारागिराच्या घरी राहून त्याचं कसब शिकणारा उमेदवार, तोही अंतेवासीच. मग बलक भिक्खू होता की कारागीर? शब्द दोन्हीकडे दार उघडं ठेवतो. मी एक दार बंद करून टाकलं होतं, आणि वाचकाला ते सांगितलंही नव्हतं.

तिसरा शब्द कतं, आणि माझं पान खरं कापलं गेलं ते इथे. 'केलं', पण काय केलं? वाक्यात कर्म नाही. माझ्याजवळ लेखाचा जो फोटो होता तो नुसत्या अक्षरांचा, जवळून काढलेला. तो बघून मी गृहीत धरलं होतं, की लेख मूर्तीवर आहे, म्हणजे मूर्ती केली. प्रत्यक्ष समोर उभी राहिले तेव्हा दिसलं, की ओळ मूर्तीला लागून आहे आणि त्याच वेळी संपूर्ण दर्शनी भागाच्या एका कडेला आहे. ती मूर्तीची असू शकते. आत शिरताना दिसावी अशी अख्ख्या चैत्यगृहाची असू शकते. शिवाय 'केलं' म्हणजे स्वतःच्या छिन्नीने कोरलं, की करवून घेतलं? लेण्यांमधल्या देणगीच्या लेखांत 'दान' किंवा 'देयधम्म' असे शब्द येतात. इथे तसा शब्द नाही, म्हणून कारागिराची बाजू जड होते. जड होते, सिद्ध होत नाही.

वाक्यातलं कर्म दगडात आहे, कागदावर नाही. फोटोच्या चौकटीने नेमकं तेच कापलं होतं.

मी तिथे पायरीवर बसून डावीकडे लिहिलं: 'चार शब्द. मूर्तीच्या खांद्याच्या वर. कर्म नाही.' उजवीकडे तीन शक्यता लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, की काय सापडलं तर ती खोटी ठरेल. घरी येऊन ते सुंदर पान काढून टाकलं. त्या जागी आठ ओळी उरल्या. वाईट वाटलं का? हो, वाटलं. पण त्या आठ ओळींवर कुणी पेन्सिलीने गोल केला तर आता माझ्याकडे उत्तर आहे.

काळ कसा ठरतो, आणि त्यातली मेख

तुमच्यातला कुणीतरी विचारेलच, की हे लेणं इतकं जुनं आहे हे कशावरून? मुख्य वाटा दोन. एक अक्षरांची: ब्राह्मी अक्षरांची वळणं काळानुसार बदलत गेली, त्यावरून लेखाचा काळ अंदाजता येतो. दुसरी वास्तूची: लाकडाचा वापर किती, खांब आतल्या बाजूला किती कललेले, दर्शनी भाग दगडात किती उतरला, यावरून भाजे, कोंडाणे, बेडसे, कार्ले अशी मालिका लावता येते.

मेख अशी, की कधीकधी लेखाचा काळ लेण्यावरून ठरवतात आणि लेण्याचा काळ लेखावरून. दोन मित्रांनी एकमेकांचे जामीन राहावं तसं! म्हणून जाणकारांतही एकमत नाही. विद्या देहेजिया यांनी १९७२च्या पुस्तकात या सुरुवातीच्या लेण्यांना साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ठेवलं. एस. नागराजू यांची १९८१ची कालरेषा त्याहून मागे जाते. तुम्ही एकच पुस्तक वाचलं असेल तर तुम्हाला 'तारीख' मिळते. दोन वाचलीत तर 'प्रश्न' मिळतो. संशोधनाला दुसरी गोष्ट लागते.

जाणार असाल तर

पावसाळा संपल्यावर, सकाळी लवकर जा. लेख वाचायला बॅटरी समोरून मारू नका. बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. खडू, रंग, पाणी काहीही लावू नका. हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालचं स्मारक आहे, आणि ठसा घ्यायचा असेल तर परवानगी लागते. फोटो तीन अंतरांवरून काढा: अक्षरं, अक्षरं आणि मूर्ती, मग पूर्ण दर्शनी भाग. मी शिकले ते तुम्हाला फुकट मिळतंय. परत आल्यावर त्याच रात्री नोंदी पक्क्या लिहा. दुसऱ्या दिवशी आठवण आपल्या सोयीने बदलायला लागते.

उतरताना मी बलकाचाच विचार करत होते. तो भिक्खू असो की पाथरवट, एवढं मोठं काम पुरं झाल्यावर त्याने जी ओळ कोरली, तिचा पहिला शब्द त्याचं नाव नाही. तो शब्द कन्हाचा. दुसरा शब्द दोघांमधल्या नात्याचा. स्वतःचं नाव तिसरं, आणि मग काम. शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी यावं यावरून आमच्याकडे किती कुजबुज चालते, ते तुम्हाला लवकरच कळेल.

सोमवारी मी ग्रंथालयात बसून तो मूळ शोधनिबंध काढला. आढाव्यात दिलेलं तापमान आणि मूळ निबंधातलं तापमान एक नव्हतं. वाक्य दुरुस्त केलं आणि सरांकडे नेलं. त्यांनी पेन्सिलीचा गोल खोडरबराने पुसला, आणि पुढच्या परिच्छेदावर नवा काढला.

आता त्या गोलाच्या मागे लागायचं आहे. तुम्ही तोवर तुमच्या गावाजवळचं एक लेणं, मंदिर, वीरगळ किंवा बारव निवडा. वहीच्या पानाचे दोन भाग करा आणि जाऊन या.